रोज तीन तास तेरा मिनिटं

त्या एका सहीतून कोणाला काय मिळणार, याचा हिशेब मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभ्याउभ्याच मांडला होता. प्राचार्य शिरगुप्प्यांना मिळणार होता कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅक समितीच्या अहवालातला 'आंतरराष्ट्रीय संबंध' हा रकाना, जो कॉलेज निघाल्यापासून कोरा होता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या यास्मिन मुजावरला एम.एस्सी.साठी मिळणार होती जर्मनी, तीही शिष्यवृत्तीसकट. मला, म्हणजे उगले भाऊसाहेबाला, मिळणार होती ऑफिस सुपरिंटेंडेंटची खुर्ची. ती सहा महिने रिकामी होती आणि प्राचार्य तिच्याकडे बोट दाखवून माझ्याकडून वाटेल ते काम करून घेत होते. आणि ज्यांची सही हवी होती, त्या केळुसकर सरांना? शून्य. सात महिन्यांवर निवृत्ती. मुलगा बंगलोरला मार्गी लागलेला. ना बढती, ना बदली. ज्याला काहीच मिळवायचं नसतं त्याची सही काढणं सगळ्यात अवघड, एवढं मला अठरा वर्षांच्या कारकुनीत कळलं होतं.

एप्रिल दोन हजार सहा. प्राचार्यांच्या टेबलावर जर्मनीहून आलेला बारा पानी फॉर्म होता. एका बाजूला भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख वामन केळुसकर, दुसऱ्या बाजूला ओढणी सावरत उभी असलेली यास्मिन. तिचा बाप इस्माईलभाई गावाबाहेरच्या खडी क्रशरवर मुकादम होता.

"भाऊसाहेब, सांगा ह्यांना काय मागतायत ते," प्राचार्य म्हणाले.

मी फॉर्म रात्रभर नाही, पण दोन दुपारी वाचून काढला होता. सांगितलं. युरोपातल्या चाळीसवर देशांनी आपापल्या पदव्या एकमेकांशी जुळाव्यात म्हणून नवी मापं ठरवली होती. पूर्वी त्यांच्याकडेही दर देशाचा नियम निराळा होता. आता एकच माप, क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे तीस तासांचे कष्ट. वर्गात बसलेला तास धरायचा, प्रयोगशाळेतला धरायचा आणि घरी अभ्यास केलेलाही धरायचा. पहिल्या पदवीला एकशे ऐंशी क्रेडिट लागणार. म्हणजे तीन वर्षांत पाच हजार चारशे तास.

"आपले किती होतात?" केळुसकर सरांनी विचारलं.

"आठवड्याला सव्वीस तासिका, तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची, वर्षाला तीस आठवडे. तीन वर्षांचे मिळून अठराशे बहात्तर तास. भागिले तीस. बासष्ट पूर्णांक चार क्रेडिट."

"म्हणजे पोरगी एक तृतीयांश पदवीधर झाली म्हणायची," सर म्हणाले. त्यांचे विनोद असेच कोरडे असत.

"अहो, उरलेले घरचे तास!" प्राचार्यांनी फॉर्मवर बोट आपटलं. "हा रकाना बघा, 'स्वयंअध्ययन'. इथं लिहायचे."

"किती लिहायचे?"

"तीन हजार पाचशे अठ्ठावीस," मी म्हणालो. "वर्षाला अकराशे शहात्तर. रोजचे तीन तास तेरा मिनिटं होतात, दिवाळी, ईद, सगळं धरून."

सरांनी चष्मा काढला. "शिरगुप्पे, खाली काय छापलंय वाचा. 'वरील माहिती मी स्वतः पडताळून पाहिली आहे.' ही पोरगी घरी किती तास बसते ते मी पाहिलेलं नाही. अठराशे बहात्तर पाहिलेत. त्याखाली आत्ता सही करतो."

"केळुसकर, जगात कोणी पाहतं का घरी जाऊन?"

"जगाचं मला माहीत नाही."

या माणसाचा एक नियम होता, तो इथे सांगायला हवा. पोरांना दगड पाहायला डोंगरात नेलं की प्रत्येकाच्या हातात एक वही. उजव्या पानावर डोळ्यांनी पाहिलं ते, शाईनं. डाव्या पानावर आपला अंदाज, पेन्सिलीनं. अंदाज उजव्या पानावर आला की वही सरळ ओढ्यात. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याची वही त्यांनी अशीच ओढ्यात टाकली होती आणि वर त्याची हजेरी कापली होती. अशा माणसापुढे जर्मनांनी फॉर्म ठेवला होता, आणि त्यात डावं पानच नव्हतं.

ते उठून गेले. यास्मिन त्यांच्यामागोमाग गेली. तिला फॉर्मपेक्षा सरांच्या कपाळावरच्या आठ्यांची काळजी जास्त असावी.

दार लागल्यावर प्राचार्य म्हणाले, "उगले, सुपरिंटेंडेंटला काय काय जमायला लागतं, माहितीय ना?"

"काय साहेब?"

"सही आणायला."

मी आणली. त्याला फार अक्कल लागली नाही. एप्रिलात प्रात्यक्षिक परीक्षा असतात, पोरांच्या जर्नलांच्या प्रमाणपत्रांवर विभागप्रमुखाच्या सह्या लागतात. साठ-सत्तर कागदांचा गठ्ठा करायचा, एकेकाचा खालचा कोपरा उचलत जायचं, साहेबाला फक्त सहीची रेघ दिसते. सगळी कॉलेजं याच रीतीनं चालतात. कोणी वाचायला लागला तर निकाल दिवाळीत लागतील. केळुसकर सरांनी एका हातानं सह्या केल्या आणि दुसऱ्या हातानं एका गारगोटीकडे बोट करून ती कशी तयार झाली ते मला समजावून सांगितलं. फॉर्मचं सहीचं अकरावं पान त्या गठ्ठ्यात एक्केचाळिसावं होतं. मी मान डोलावत कोपरा उचलला.

जूनमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. त्याच आठवड्यात मला खुर्चीचंही पत्र मिळालं. कॉलेजनं यास्मिनचा सत्कार केला. शाल, नारळ, तालुक्याच्या पेपरात फोटो. फोटोत प्राचार्य मधोमध आणि यास्मिनचा अर्धा चेहरा नारळाआड. इस्माईलभाई ऑफिसात पेढे घेऊन आला. त्याच्या बोटांच्या पेरांत खडीची पांढरी भुकटी होती.

"भाऊसाब, तुम्ही लई केलं पोरीसाठी. फारम तुम्हीच भरला म्हनं."

"अहो, माझं कामच ते."

"न्हाई, न्हाई. लिवनाऱ्याचा हात लागतो."

मी दोन पेढे खाल्ले.

सत्कारात केळुसकर सरही बोलले होते. प्राचार्यांनी त्यांना सांगितलं होतं, की फॉर्म आपल्याच सहीनं अठराशे बहात्तर तासांवर पाठवला आणि जर्मनांनी तेवढेच मान्य केले. "खरं ते खरं म्हणून चालतं, हे या मुलीनं दाखवलं," असं काहीतरी ते म्हणाले. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माईकची वायर सरळ करत होतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मेल आला. त्या काळी विभागाचा ई-मेल म्हणजे ऑफिसचाच ई-मेल. मी उघडायचो, छापायचो, शिपाई नेऊन द्यायचा. जर्मनीच्या विद्यापीठानं लिहिलं होतं की दर दहा अर्जांतला एक ते तपासणीसाठी काढतात आणि यंदा मुजावर यांचा निघाला आहे. विभागप्रमुखांनी कृपया चार ओळींत कळवावं, की स्वयंअध्ययनाचे तास कशाच्या आधारे ठरवले.

या वेळी मी शिपायाकडे दिला नाही. चहा झाल्यावर कागद घेऊन स्वतः जिना चढलो.

सरांनी तो दोनदा वाचला. मग फॉर्मची प्रत मागितली, तीही वाचली.

"हे अकराशे शहात्तर कोणी लिहिले?"

"प्राचार्यांनी सांगितले, मी लिहिले."

"आणि ही सही?"

"तुमचीच आहे, सर. जर्नलांच्या गठ्ठ्यात होती."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सही माझी आहे," ते म्हणाले. "पान माझं नाही. अठरा वर्षं तुम्ही कोपरे उचलताय, भाऊसाहेब, आणि अठरा वर्षं मी सह्या करतोय. अजून कुठं कुठं गेलोय मी?"

"दुसरं काही नाही सर, शप्पथ. आता फक्त एक ओळ लिहायची, 'अनुभवावरून ठरवले'. पोरगी जाईल. पुढच्या महिन्यात व्हिसाची तारीख आहे तिची."

"पोरीला बोलवा."

ती झेरॉक्सच्या दुकानात होती, पाच मिनिटांत आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात पासपोर्ट. सरांनी तिला स्टुलावर बसवलं आणि मेल वाचून दाखवला. फॉर्म कसा भरला गेला तेही सांगितलं, माझ्यादेखत, आवाज न चढवता.

"आता मला सांग यास्मिन. तीन वर्षं, रोज तीन तास तेरा मिनिटं अभ्यास केलास? तू हो म्हण, मी तसं लिहितो. तुझ्या शब्दावर लिहीन."

मी सरांच्या मागे उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हण.

"सर, खरं सांगू?"

"मग काय खोटं ऐकायला बोलावलंय?"

"रोज नाही होत, सर. परीक्षेच्या आधी दोन महिने सात-आठ तास बसते. एरवी सकाळी शिकवण्या असतात माझ्या, संध्याकाळी भाकऱ्या. मधे जमलं तर तासभर. गेल्या जून-जुलैत मामाकडं भाताच्या लावणीला होते, तेव्हा पुस्तकच उघडलं नाही."

"हं."

"पण दगड बघते, सर. वडिलांच्या क्रशरवर डबर घेऊन येणारी प्रत्येक गाडी बघते. कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला ते ओळखते. लहानपणापासून. ते धरायचं का?"

सर उठून खिडकीपाशी गेले. खाली व्हॉलीबॉलची मॅच चालली होती.

"ते मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही. तुम्ही कसं पाहाल," ती म्हणाली.

"सर, धरा की!" मी म्हणालो. "डबर बघणं हा अभ्यास नाही तर काय आहे? ह्याच्याच जोरावर ती युनिव्हर्सिटीत दुसरी आली!"

"असेल. पण किती तास, भाऊसाहेब? आकडा सांगा. अंदाज नको."

आकडा माझ्याकडे नव्हता. कोणाकडे असणार?

त्यांनी पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. 'अठराशे बहात्तर तास माझ्या समक्ष झाले आहेत. बाकीचा आकडा माझ्या माहितीचा नाही व तो फॉर्ममध्ये यायला नको होता. विद्यार्थिनीचा यात दोष नाही. एकतीस वर्षांत मी शिकवलेल्यांत ती सर्वोत्तम आहे.'

"सर, मग माझं?" यास्मिननं विचारलं.

"तुझं काय? वाच ना शेवटची ओळ. अगं, ते विद्यापीठ आहे, जकात नाका नाही. खरं सांगणाऱ्याला ते परत पाठवतील?"

तिला ते पटलं. जिना उतरताना ती मला म्हणालीसुद्धा, "बरं झालं भाऊसाहेब, मनावर ओझं घेऊन गेले असते."

नवव्या दिवशी उत्तर आलं. सभ्य होतं. प्रामाणिकपणाबद्दल प्राध्यापक केळुसकरांचे आभार. मात्र प्रमाणपत्रातली माहिती प्रमाणकर्त्यानंच नाकारल्यामुळे प्रवेश आणि शिष्यवृत्ती रद्द करण्यात येत आहे. उरलेली एकशे सतरा पूर्णांक सहा क्रेडिट मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण केल्यास नव्यानं अर्ज करता येईल.

प्राचार्य केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. "हरिश्चंद्राचा अवतार! स्वतः स्मशानात जायचं सोडून पोरीला पाठवलं! आता शाल परत मागू का तिच्याकडून?"

"साहेब, नॅकच्या अहवालाचं काय करायचं? त्यात तिचं नाव छापलंय."

ते थांबले. "काय छापलंय?"

"'परदेशी विद्यापीठात निवड, एक विद्यार्थिनी.'"

"निवड तर झालीच होती ना? मग राहू दे."

राहू दिलं. सप्टेंबरात समिती आली, तो रकाना पाहून खूश झाली. यास्मिन गेली की नाही हे कोणी विचारलं नाही, फॉर्ममध्ये तसा प्रश्नच नव्हता.

इस्माईलभाई आला, तो मात्र विचारायलाच. माझ्या नव्या खुर्चीसमोर बसायला तयार होईना, उभ्यानंच बोलला.

"भाऊसाब, पोरीचं तास कमी पडलं म्हनं."

"हो, तसं झालंय खरं."

"किती पडलं?"

मी सांगितलं.

"मग बसू दे की तिला आता! शिकवण्या बंद करतो, भाकरी तिची आई थापंल. दिवसाला बारा-बारा तास बसंल ती. वर्षभरात भरून काढंल. तेवढं कळवा त्यास्नी."

"तसं चालत नाही, इस्माईलभाई."

"का? तास तेच न्हवं?"

केळुसकर सरांनी जर्मनीला आणखी तीन पत्रं पाठवली. यास्मिनच्या डोंगरातल्या वह्यांच्या प्रती जोडल्या, उजवी पानं वेगळी, डावी वेगळी. तिन्ही वेळा नुसती पोच आली. नोव्हेंबरात ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांच्या सचोटीवर पंधरा मिनिटं भाषण केलं. जाताना सर माझ्या टेबलापाशी थांबले.

"मी खरं तेच लिहिलं, भाऊसाहेब."

"हो सर."

"मग?"

ते उत्तरासाठी खरोखर थांबले होते. मी त्यांच्या पेन्शनचे कागद पुढे केले आणि सहीची जागा दाखवली. त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळे कागद पहिल्या ओळीपासून वाचले. दीड तास लागला.

दोन हजार एकोणीसला, सर वारल्यानंतर दोन वर्षांनी, एका जर्मन विद्यापीठातल्या प्राध्यापक बाई आमच्या कॉलेजात सामंजस्य कराराची बोलणी करायला आल्या. तोवर मी रजिस्ट्रार झालो होतो. पांढरे केस, पायात सपाट बूट, बाई मोकळ्या होत्या. सभागृहातल्या कार्यक्रमात इंग्रजीच्या प्राध्यापकांना मध्ये घालून मी त्यांना विचारलं, की तुमच्याकडे मुलांच्या घरच्या अभ्यासाचे तास मोजता कसे?

बाई हसल्या. म्हणाल्या, मोजतंय कोण? आधी वरून ठरतं, एकशे ऐंशी. ते विषयांवर वाटायचे. विषयाच्या वाट्याला आलेल्या तासांतून वर्गातले तास वजा करायचे, उरेल ती बाकी स्वयंअध्ययनात टाकायची. सुरुवातीला आमच्यातल्या एक-दोघांनी मुलांना रोजनिशी लिहायला लावली होती, पण आकडे जुळेनात, म्हणून सोडून दिलं.

"आणि ते पडताळून पाहतं कोण?"

"कोण पाहणार?" बाई म्हणाल्या, आणि सभागृह हसलं.

चाळीसवर देशांत तो रकाना सगळ्यांनी आधी बेरीज ठरवून, खालून वर भरला होता. तो खरोखरचा प्रश्न आहे असं समजून उत्तर देणारा एकच माणूस निघाला, आणि तो आमच्याच कॉलेजच्या वरच्या मजल्यावर बसत होता.

तिसऱ्या रांगेत यास्मिन बसली होती. पुढे तिनं इथल्याच विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, आणि आता केळुसकर सरांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची. कायम जागा नाही. जेवढे तास वर्गात उभं राहील तेवढेच धरायचे, घरची तयारी, पेपर तपासणं काही नाही. दर महिन्याला तिच्या तासांचा तक्ता माझ्याकडे सहीला यायचा.

कार्यक्रम संपल्यावर ती जिन्यात भेटली. मला वाटलं, काही ऐकलंच नाही असं दाखवून जाईल.

"तुम्ही तेव्हा मान हलवली होती, भाऊसाहेब. मी पाहिली होती."

"मग हो म्हणायचं होतंस."

"सर समोर बसले होते." ती एक पायरी चढली. "तो मेल आधी तुमच्याकडेच आला होता ना?"

"हो."

"सर तर कॉम्प्युटरला हातही लावत नव्हते."

"नाही."

"हं," ती म्हणाली. खडूचा डबा काखेत मारला आणि वर्गावर गेली.

तिनं पुढे काही विचारलं नाही, म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी जिना चढण्याआधी मी उत्तर टाइप केलं होतं. चार ओळी. 'विद्यार्थ्यांशी चर्चा करून तास ठरवले', असं सगळं व्यवस्थित, खाली सरांचं नाव. नुसतं बटण दाबायचं होतं. सरांना कधी कळलंही नसतं. चहा येईपर्यंत ते पडद्यावर होतं. मग माझ्या डोक्यात आलं, की फॉर्मवर निदान सही तरी सरांची आहे. उद्या काही निघालं तर तिथं प्राचार्य आहेत, सर आहेत. हा मेल मात्र माझ्या हातून गेलेला असेल, आणि खुर्ची मिळून अजून महिनाही झाला नव्हता. मी त्या चार ओळी पुसल्या, मूळ पत्र छापलं आणि प्रामाणिक माणसाकडे नेलं. तो काय करणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा मिळालं कोणाला काय, ते असं: शिरगुप्प्यांना रकाना मिळाला आणि वरची श्रेणीही. मी त्या खुर्चीवरून पुढच्या खुर्चीवर गेलो. केळुसकर सरांना काही मिळवायचं नव्हतं, त्यांचं उजवं पान तेवढं स्वच्छ राहिलं. सरांच्या खरेपणाचं मोल यास्मिननं भरलं, प्राचार्यांच्या खोटेपणाचंही तिनंच भरलं. आणि मी ना खरं बोललो ना खोटं, त्याचंही तिच्याच नावावर पडलं.